आधी पलटायला शिका

शिडाची छोटी होडी, क्लबांच्या भाषेत डिंगी, चालवायला शिकणार असाल तर ती पलटणार हे धरूनच चाला. पहिल्या दिवशी नाही तर पंधराव्या दिवशी, तुमच्या हातून नाही तर जोडीदाराच्या. ऑलिंपिकपर्यंत पोचलेल्यांच्या होड्याही पलटतात. त्यांची अर्ध्या मिनिटात उभी राहते आणि शर्यत पुढे चालू होते, इतकाच फरक. म्हणूनच ‘आमच्याकडे शिकणाऱ्यांची होडी कधी पलटत नाही’ असं कुणी कौतुकानं सांगितलं, तर मी तरी तिथं मुलाचं नाव घालणार नाही. तिथं एक तर वारा पडल्यावरच पोरांना पाण्यात सोडत असतील, किंवा पलटलेली होडी उभी करायचा सराव कुणी घेत नसेल. दुसरं जास्त वाईट.

डिंगी नुसती पलटल्यानं सहसा कुणाला काही होत नाही. धोका असतो तो नंतरच्या पाच-दहा मिनिटांत. माणूस होडी सोडून किनाऱ्याकडे पोहायला लागतो, चुकीच्या बाजूला लोंबकळतो, वाऱ्याकडे न बघता घाईनं जोर लावतो आणि दमतो. हे तिन्ही आधी शिकून टाळता येतं, आणि त्याला पहिलवानाचे दंड लागत नाहीत. दहा-अकरा वर्षांची मुलं आपली होडी आपण उभी करतात.

होडी कोणती, हे आधी बघा

मी इथं मुख्यतः दोन प्रकारच्या होड्या डोळ्यांपुढे ठेवतो आहे. एक, एकट्यानं चालवायची आयएलसीए, जिला जुनी माणसं अजून लेझरच म्हणतात. लांबी ४.२३ मीटर, शीड आणि काठ्या सोडून वजन साधारण ५९ किलो. मुंबईत आर्मी यॉटिंग नोडमध्ये तयार झालेल्या विष्णू सरवननला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळालं ते याच होडीत. दुसरी म्हणजे एंटरप्राइज किंवा ४२० यांसारखी दोघांची होडी. तिच्यात सुकाणूवर बसतो तो हेल्म, आणि पुढचं शीड, म्हणजे जिब, सांभाळतो तो क्रू. मुलांची ऑप्टिमिस्ट अधूनमधून येईल.

या होड्या पलटणार हे गृहीत धरूनच बांधलेल्या असतात. आयएलसीएचं अंग बंद आणि पोकळ असतं. ऑप्टिमिस्ट उघडी, जेमतेम २.३ मीटर लांब आणि ३५ किलोची, पण आत हवेच्या तीन पिशव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे काठोकाठ पाणी भरलं तरी ती तरंगत राहते. पिशव्या टणक फुगलेल्या आहेत का, पट्टे घट्ट आहेत का, हे मूल पाण्यात उतरण्याआधी आई-बाबांनी स्वतः हात लावून बघावं. प्रशिक्षकाला वाईट वाटेल म्हणून थांबू नये.

मोठ्या शिडाच्या बोटींचा न्याय इथं लावू नका. गोव्यात बांधलेल्या म्हादेई किंवा तारिणीच्या पोटाखाली जड कील असतो. लाटेनं बोट लोळवली तरी ते वजन तिला पुन्हा उभं करतं. २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात दर्यावर्दी अभिलाष टॉमीची ‘थुरिया’ लोळली, डोलकाठी मोडली, त्याच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली, पण बोट पाण्यावर राहिली आणि सुटका होईपर्यंत तो तिच्यातच होता. डिंगीत असं वजन नसतं. तिथं कील तुम्हीच: तुमचं अंग काठाबाहेर झुकलेलं असेल तोवर ती सरळ. कोकणातल्या उलांडीच्या होड्यांनी हाच प्रश्न बाजूला आडवं तरंगतं लाकूड जोडून सोडवला. डिंगीला उलांडी नसल्यामुळे ती चपळ, आणि म्हणूनच लहरी.

का पलटते

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट. १० नॉटचा वारा १४ नॉटवर गेला तरी दाब जवळजवळ दुप्पट होतो, आणि खाऱ्या वाऱ्याच्या भर दुपारी हे काही सेकंदांत घडतं. पाण्यावर जागोजागी पांढरे फेस दिसू लागले की वारा ११ ते १६ नॉटच्या टप्प्यात आला समजा. नवशिक्यानं त्याआधीच काठाकडे वळावं. डोंगरांमधल्या धरणांत आणखी एक भानगड असते: वारा खिंडीतून झोतानं येतो, मधेच पडतो, दिशा बदलतो. समुद्रावर चांगली चालवणारी माणसंही तिथं पाण्यात जातात.

बहुतेक वेळा होडी आडोशाच्या बाजूला, म्हणजे वाऱ्यापासून लांबच्या बाजूला पडते. झोत आला, शीड दाबलं गेलं, होडी कलली. अशा वेळी शिडाचा दोर, मेनशीट, सैल सोडला की ती लगेच सरळ होते. पण घाबरलेला हात मूठ आवळतो. दोर सुटायच्या ऐवजी आणखी ताणला जातो आणि होडी आडवी. शिकवणारे ‘दोर सोड’ म्हणून ओरडत असतात त्याचं कारण हे. झोपेतही मूठ उघडेल इतकं हे अंगवळणी पडायला हवं.

दुसरा प्रकार वाऱ्याच्या बाजूला पडण्याचा. बाहेर झुकलेले आहात आणि वारा अचानक पडला की तुमचंच वजन होडीला तुमच्या अंगावर घेतं. वारा थेट मागून असताना होडी डावी-उजवी डोलायला लागून अशीच पडते. तिसरा प्रकार जायबचा: वारा मागून घेत वळताना शिडाची आडवी काठी, बूम, एका बाजूकडून दुसरीकडे सपकन येते. डोकं खाली नसेल तर आधी डोक्याला लागते, मग होडी जाते. जायब करताना खालची फळी थोडी वर घेतलेली बरी. पूर्ण खाली असेल तर होडी तिच्यावर अडखळून पडते. ही फळी, सेंटरबोर्ड किंवा डॅगरबोर्ड, होडीच्या पोटातून पाण्यात उतरते आणि तिला आडवं सरकू देत नाही. पुढे ती बऱ्याचदा येणार आहे, कारण पलटलेल्या होडीत तीच तुमची पायरी.

काठावर असतानाच

लाइफ जॅकेट चढवलं, असं म्हणून भागत नाही. खांद्याच्या पट्ट्यांना धरून कुणीतरी वर उचलावं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे, मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच. डिंगीसाठी साधारण ५० न्यूटनचं फोमचं जॅकेट वापरतात. ते शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला तरंगवतं. बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवेलच असं नाही, हे लक्षात असू द्या. पाण्यात पडताच आपोआप फुगणारी जॅकेटं मोठ्या बोटींवर ठीक, डिंगीत नको. पहिल्याच पलटीत ती फुगतात, आणि फुगलेलं जॅकेट अंगावर असताना फळीवर चढणं म्हणजे दिव्यच.

होडीत जे जे सुटं आहे ते बांधा. आयएलसीएची डोलकाठी नुसती भोकात बसवलेली असते. होडी पूर्ण उलटी झाली की ती गळून पडू शकते, म्हणून तिला दोरीनं जखडतात. सुकाणूला खाली अडकवणारी पट्टी बसली आहे का बघा. डॅगरबोर्डला लवचीक दोरीचा ताण द्या, नाहीतर उलट्या होडीत तो वजनानं आत सरकतो आणि धरायला काहीच उरत नाही. पाणी काढायचा प्लग लावला का, हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण किनाऱ्यावरून विचारायचा तोच पहिला. जॅकेटला शिट्टी, खिशात बोथट टोकाचा चाकू, पायात जुने बूट, आणि जलरोधक पिशवीत मोबाइल. पिशवी अंगाला बांधा, होडीला नको. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्यात साठवून ठेवा. तळ्यावर असाल तर ११२.

आणि ओहोटी-भरतीचं वेळापत्रक. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, आणि तेवढं पाणी आत-बाहेर जायचं म्हणजे प्रवाह जोरदार असणारच. प्रवाह २ नॉटचा धरला तरी पलटलेली होडी मिनिटाला साठेक मीटर वाहत जाते. दहा मिनिटं झगडलात की अर्ध्या किलोमीटरहून लांब. नवशिक्यानं सराव भांगाच्या दिवसांत करावा, आणि तोही पाणी भरत असताना.

पाण्यात गेल्यावर

पहिलं काम श्वास. दुसरं, सोबत्याला हाक. दोघांची होडी असेल तर एकमेकांचं नाव घेऊन मोठ्यानं विचारा आणि मोठ्यानं उत्तर द्या. मान हलवून चालत नाही, मधे होडी असते.

होडीला धरून राहा. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहायला निघणं हा या खेळातला सगळ्यांत घातक मोह आहे. पाण्याच्या पातळीवरून अंतर कमी वाटतं, वारा आणि प्रवाह हिशेबात येत नाहीत, आणि शोधणाऱ्याला पाण्यातलं डोकं दिसत नाही. चार मीटरची पांढरी होडी लांबूनही दिसते. होडीपासून थोडे लांब पडलात तर मेनशीटचा दोर पकडून तिच्याकडे या. वाऱ्यानं ढकललेली रिकामी होडी चांगल्या पोहणाऱ्यालाही मागे टाकते.

आता हात कुठं ठेवायचा नाही ते. डोलकाठीला, बूमला किंवा होडीच्या आतल्या बाजूला लोंबकळू नका. तिथलं वजन डोलकाठीचं टोक खाली ढकलतं आणि आडवी होडी पूर्ण उलटी होते. आडवी होडी उभी करणं मिनिटाचं काम. उलटी होडी उभी करणं त्याच्या कितीतरी पट कष्टाचं. म्हणून जाताना पिछाडीला वळसा घालून, दोराचं टोक हातात ठेवून, सरळ फळीकडे जा. सराव झाला की पाण्यात पडायचीही गरज राहत नाही. होडी आडोशाला कलंडत असताना वरच्या काठावरून पाय टाकून थेट फळीवर उतरता येतं. कपडेही कोरडे राहतात. मात्र हे दहा वेळा भिजल्यानंतरचं शहाणपण.

वारा कुठून आहे?

पुस्तकांत सहसा फळीवर कसं चढायचं हे तपशिलानं असतं आणि वाऱ्याबद्दल एखादं वाक्य. माझ्या मते प्रमाण उलटं हवं. दमून बसलेल्या बहुतेक नवशिक्यांची ताकद कमी पडलेली नसते, त्यांनी वारा पाहिलेला नसतो.

होडी आडवी पडली की शीड पाण्यात असतं आणि तिचं पोट वाऱ्यासमोर भिंतीसारखं उभं. शीड पाण्याला धरून राहतं, पोटाला वारा ढकलतो. थोड्या वेळात होडी फिरते आणि डोलकाठीचं टोक वाऱ्याच्या दिशेनं येऊन थांबतं. ही सर्वांत वाईट स्थिती. या अवस्थेत फळीवर उभं राहून जोर लावलात तर शीड पाण्याबाहेर येताच वारा त्याच्या खाली घुसतो, होडी धाडकन उभी राहते आणि तशीच दुसऱ्या बाजूला, म्हणजे तुमच्या अंगावर, पडते. पुन्हा तेच, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला हातात त्राण राहत नाही.

म्हणून फळीवर चढण्याआधी क्षणभर थांबा आणि गालाला वारा कुठून लागतो ते बघा. होडीचं नाक, नाळ, वाऱ्याकडे असेल तर उत्तम. उभी राहिली की शीड झेंड्यासारखं फडफडेल आणि होडी जागच्या जागी राहील. डोलकाठी वाऱ्याच्या उलट्या दिशेला असेल तरी चालेल. वारा शिडाला दाबून धरतो म्हणून उचलायला वेळ लागतो, पण उभी राहते तेव्हा तुम्ही वाऱ्याच्या बाजूला असता, जिथं तुमचं वजन हवं असतं तिथंच.

टोक वाऱ्याकडे असेल तर होडी फिरवा. दोघं असाल तर एकानं नाळेशी जाऊन तिला धरून नुसतं पाण्यात राहायचं. पाण्यातलं त्याचं अंग नांगराचं काम करतं, पिछाडी वाऱ्याबरोबर सरकते आणि नाळ आपोआप वाऱ्याकडे येते. एकटे असाल तर नाळेला धरून तुम्हीच तसे तरंगा, नंतर फळीकडे परत या. दुसरा उपाय अधिक सरावाचा: फळीवर उभं राहून डोलकाठीचं टोक पाण्याबाहेर जेमतेम हातभर उचलायचं आणि तिथंच धरायचं. वारा त्या टोकाला पकडून होडी हळूहळू फिरवतो. नाळ वाऱ्याकडे आली की पुढचा जोर. कसलेले लोक तिसरंच काही करतात. होडी अंगावर येऊ लागली की ते फळीला घट्ट मिठी मारतात, तिच्यासोबत पाण्याखालून दुसऱ्या बाजूला निघतात आणि बरोबर वाऱ्याच्या अंगाला वर येतात. पाहायला छान दिसतं. पहिल्या वर्षी करू नका.

उभी करताना

दोर मोकळे आहेत का ते आधी तपासा. मेनशीट आणि जिबचा दोर दातेरी पकडीत अडकलेला असेल तर उभी राहिलेली होडी तुम्हाला मागे ठेवून चालू लागेल, किंवा लगेच पुन्हा पडेल. बूमला खाली ओढणारी दोरी, किकर, तीही सैल केलेली बरी.

मग फळी. तिच्या टोकावर उभं राहिलं तर जोर जास्त मिळतो, पण फळी मुळाशी तडकते. सुरुवात होडीच्या पोटाला लागून करा. होडी हललीच नाही तर बोटाबोटानं बाहेर सरका. हातात काठ किंवा होडीवरून पलीकडून टाकलेला जिबचा दोर धरून, पाय ताठ ठेवून, पाठीचं सगळं वजन मागे टाका. हिसके नकोत. शिडावर साठलेलं पाणी ओघळायला वेळ लागतो. तोवर काहीच होत नाहीये असं वाटतं. वाट बघा. टोक वीतभर उचललं की पुढचं काम झपाट्यानं होतं. होडी येऊ लागली की तिच्या वेगाबरोबर वरच्या काठावरून आत शिरा, उभे राहू नका, मधोमध बसा आणि सुकाणूचा दांडा हातात घ्या.

दोघांच्या होडीत एक युक्ती अशी आहे की जी एकदा शिकली की माणूस दुसऱ्या रीतीकडे वळत नाही. हेल्म फळीवर जातो. क्रू आत, आडव्या होडीच्या पाण्यातल्या बाजूला, फळीच्या खोबणीजवळ पाय अडकवायचा पट्टा हातात धरून पाण्यावर सपाट पडून राहतो. लोंबकळायचं नाही, फक्त तरंगायचं. आत जाण्याआधी त्यानं जिबचा वरचा दोर हेल्मकडे फेकलेला असतो. होडी उभी राहते तेव्हा ती क्रूला आपसूक आत उचलून घेते, आणि त्याचं वजन लगेच तिला स्थिर करतं. मग तो हेल्मला वर ओढतो. हेल्म जड आणि क्रू हलका असेल तर जमतंच. उलटं असेल तर सरळ जागा बदला, यात मानापमान आणू नका.

बाहेर राहिलेल्यानं चढताना काठाला लटकून होडी पुन्हा कलंडवू नये. पिछाडीकडून, पाय जोरात मारून, पोटावर सरकत यावं. हात भरून आले असतील तर दोराचा फास करून पायाखाली घ्यावा. पाणी भरलेल्या होडीतलं पाणी आधी उपसा. आत हिंदकळणारं पाणी तिला क्षणात पुन्हा पाडतं. काही होड्यांना तळातून पाणी ओढून टाकणारी झडप असते, ती झडप होडी वेगात असतानाच उघडायची. थांबलेल्या होडीत तीच झडप पाणी आत घेते.

पूर्ण उलटी झाली तर

आधी माणसं मोजा. कुणी दिसत नसेल तर तो शिडाखाली किंवा होडीखाली आहे असं समजा, आणि होडी उभी करण्याआधी त्याचा शोध.

शिडाखाली सापडलात तर घाबरण्यापेक्षा हात वर करा. तळहातानं शीड उचललं की हवा मिळते. मग एकच शिवण धरून एकाच दिशेनं काठाकडे या, दिशा बदलू नका. उघड्या होडीखाली हवेचा कप्पा असतो, तिथं दोन श्वास घ्या, पायात दोर गुंडाळला आहे का चाचपा आणि काठाला धरून स्वतःला खाली ढकलत बाहेर पडा. जॅकेट तुम्हाला वर दाबतं, म्हणून खाली ढकलणं मुद्दाम करावं लागतं. हे कोरड्या डोळ्यांनी वाचताना सोपं वाटतं. पाण्याखाली अंधारात सोपं नसतं, म्हणून तर सराव. आयएलसीएसारख्या सपाट होडीखाली असा कप्पा जवळजवळ नसतोच, तिथून थेट बाहेर.

उलट्या होडीला उभी करायला दोन टप्पे लागतात. पोटावर चढून काठाच्या कडेवर पाय रोवा, फळी किंवा पलीकडून आणलेला दोर धरून मागे झुका. पाण्यानं धरलेलं शीड सहजी सुटत नाही. एका बाजूच्या मागच्या कोपऱ्यावर वजन टाकलं की पकड सैल पडते. होडी आडवी आली की तिथून पुढे वर सांगितल्याप्रमाणे. पुन्हा वारा बघा.

उथळ पाण्यात वेगळाच ताप. मुंबई बंदराच्या आणि खाड्यांच्या कडेला तळ चिखलाचा, आणि उलट्या होडीची डोलकाठी त्यात घुसते. अशा वेळी फळीवर नाचू नका, काठी वाकेल. शांतपणे होडीला धरून बसा आणि बचाव बोटीला ती काठी घुसली त्याच रेषेत, अगदी सावकाश, बाहेर ओढू द्या. डोल जाळ्यांच्या खुंटांकडे वाहत जात असाल तर मात्र लगेच मदत मागा. तिथं अडकलेली होडी तुमचं आणि कोळी बांधवांचं, दोघांचंही नुकसान करते.

थांबायचं कधी

तीन प्रयत्नांत जमलं नाही तर चौथा लगेच करू नका. होडीच्या पोटावर चढून बसा, अंग पाण्याबाहेर काढा, दम खा. मदतीची खूण म्हणजे दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करणं. एक हात हलवला तर लांबचा माणूस आनंदानं उलट हात हलवतो. शर्यतीत असाल तर संकटातल्याला मदत करणं हा शर्यतीच्या नियमांतला पहिलाच नियम आहे, तेव्हा मागायला लाजू नका आणि द्यायला चुकू नका.

आपल्याकडे समुद्राचं पाणी कोमट, म्हणून थंडीची भीती नाही असं मानतात. जानेवारीत खडकवासल्यासारख्या पाण्यावर संध्याकाळी ओल्या कपड्यांत वारा खाल्लेल्यांना विचारा. बोलणं अडखळणं, बोटांना गाठ न सुटणं, ही थंडी भिनल्याची लक्षणं. त्या माणसाचा दिवस संपला. इंग्लंड-कॅनडात शिडाचा नाद लागलेल्या मराठी वाचकांना तर वेगळाच इशारा: बर्फगार पाण्यात श्वास आवरायला साधारण एक मिनिट लागतं आणि हातपाय कामाचे राहतात दहाएक मिनिटं. तिथं वेटसूट किंवा ड्रायसूटशिवाय उतरूच नये. आपल्याकडे त्याहून जास्त माणसं ऊन आणि तहान यांनी गळतात.

सराव

पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात होड्या बाहेर निघतात. पहिली सकाळ पलटण्यासाठीच राखून ठेवा. वारा मंद, पाणी डोलकाठीच्या उंचीहून खोल, जवळ बचाव बोट आणि तिच्यात हे काम येणारा माणूस. मुद्दाम होडी पाडा: एकदा आडोशाला, एकदा वाऱ्याच्या बाजूला. नंतर मुद्दाम डोलकाठी वाऱ्याकडे येईपर्यंत थांबा आणि ती फिरवून उभी करा. हा भाग सगळे गाळतात. दोघांच्या होडीत जागा बदलून पुन्हा. शिडाखाली जाऊन हात वर करायचा खेळ मुलांना आवडतो, तो प्रशिक्षक पाण्यात असतानाच करा. होडी पूर्ण उलटी करण्याचा सराव ज्यांना आडवी होडी न दमता उभी करता येते त्यांनीच करावा. आणि एखादं मूल रडायला लागलं तर त्याला त्या दिवशी बोटीत बसून नुसतं बघू द्या. ढकललेलं मूल दोर आणखी घट्ट धरायला शिकतं.

किनाऱ्याला आल्यावर गोड्या पाण्यानं सगळं धुवा, पकडींमधली वाळू काढा, जॅकेटं सावलीत टांगा. मग प्लग काढून होडी पिछाडीवर कलती करा आणि अंगातून किती पाणी निघतं ते बघा. पेलाभर निघालं तर चालतं. बादलीभर निघालं तर पुढच्या रविवारी ती पाण्यात नको, आधी भेग शोधा.